आधी कॅमेरा, मग पडदा : कॅथलिक प्राथमिक शाळेच्या वर्गातलं तंत्रज्ञान

तिसरीच्या एका मुलीने ४०३ मधून १५८ वजा केले आणि उत्तर लिहिलं ३५५. वहीत नुसती लाल फुली मारली तर तिला काहीच कळणार नाही, कारण तिच्या मते तिने नियम पाळलाय. प्रत्येक रकान्यात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला: ८ मधून ३, ५ मधून ०, ४ मधून १. हीच चूक वर्गातल्या आणखी चार-पाच वह्यांमध्ये सापडते. ते पान नाव झाकून सगळ्या वर्गाला मोठं दाखवलं आणि बाईंनी विचारलं, ‘इथे काय विचार केला असेल, सांगा बरं?’, तर दशकाच्या घरात शून्य असताना शतक का सुटं करावं लागतं ते मुलंच बोलून दाखवतात. त्यासाठी लागतं काय? एक मोबाइल, तो टेबलावर उलटा धरणारा स्टँड आणि समोर पडदा.

शाळेत तंत्रज्ञान आणायचं ठरलं की चर्चा पडद्यापासून सुरू होते. किती इंची, कुठल्या कंपनीचा, देणगी कोण देणार. पहिली ते चौथीच्या वर्गात सुरुवात कॅमेऱ्यापासून करावी. लहान मुलांना शिकवताना सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे बाईंची नजर मुलावर आणि मुलाच्या वहीवर असणं. जे साधन ही नजर वहीवर आणतं ते आधी घ्यावं, जे ती वहीवरून हटवून पडद्याकडे नेतं ते शेवटी.

पुढचं सगळं वसई डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय. वसई धर्मप्रांत १९९८ साली मुंबईच्या महाधर्मप्रांतातून वेगळा झाला. इथल्या कॅथलिकांची भाषा मराठी, चर्चमधली मिस्सा (मुख्य उपासना) मराठीत, आणि धर्मग्रामांनी (स्थानिक चर्चनी) किंवा सिस्टरांनी चालवलेल्या मराठी माध्यमाच्या शाळा कित्येक वर्षांपासूनच्या. वर्गात चाळीसच्या आसपास मुलं, जुनी इमारत, समुद्राची खारी हवा, आणि कॅथलिक मुलांच्या बरोबरीने बसणारी इतर धर्मांची मुलं. यातली प्रत्येक गोष्ट तंत्रज्ञानाच्या निवडीत आडवी येते.

कॅमेरा

मोबाइल कागदापासून साधारण ४० सेंटिमीटर वर धरला की वहीची दोन पानं चौकटीत मावतात. कॅमेऱ्याच्या पडद्यावर बोट दाबून धरलं की फोकस तिथेच बांधला जातो. नाही तर बाईंचा हात हलला की चित्र दर वेळी धूसर होतं. उजव्या हाताने लिहिणाऱ्या बाईंनी उजेड डावीकडून घ्यावा, म्हणजे हाताची सावली अक्षरावर पडत नाही. ट्यूबलाइट बरोबर डोक्यावर असेल तर गुळगुळीत कागद चकाकतो. अशा वेळी टेबल फूटभर सरकवलं तरी पुरतं.

मोबाइल पडद्याला जोडताना दोन अडचणी ठरलेल्या. पहिली वायरची. स्वस्त मोबाइलच्या चार्जिंगच्या खाचेतून चित्र बाहेर येतच नाही, त्यामुळे बाजारात मिळणारी जोडणी-वायर घेऊनही पडदा काळाच राहतो. घेण्यापूर्वी त्याच मोबाइलवर दुकानात लावून पाहावी. दुसरी अडचण वायरविना जोडण्यात. चित्र जरासं उशिरा पोहोचतं. वही दाखवायला ते चालतं, पण बाई ‘ळ’ गिरवून दाखवताना तोंडाने ‘आता खाली वळवा’ म्हणतात आणि पडद्यावर हात अजून वरच असतो. पहिलीच्या मुलाचा तिथे गोंधळ होतो. शक्य असेल तर यूएसबीने जोडायचा व्हिज्युअलायझर, म्हणजे स्टँडवर बसवलेला कॅमेरा, घ्यावा. तो लॅपटॉपला किंवा पॅनेलला, म्हणजे भिंतीवरच्या मोठ्या स्पर्शपडद्याला, थेट लागतो आणि दोन्ही प्रश्न मिटतात.

बाईंचा स्वतःचा मोबाइल यासाठी वापरू नये. घरच्या ग्रुपवरचा निरोप, बँकेचा ओटीपी, कुणाच्या आजारपणाची बातमी चाळीस मुलांसमोर पडद्यावर उतरते. शाळेचा वेगळा मोबाइल असावा, त्यात सिमकार्ड नसावं.

या एका साधनावर काय काय होतं? कंपासात पेन्सिल कशी धरायची, रुजलेल्या वालाच्या बीमधून मूळ आधी येतं की कोंब, मोजपट्टी शून्यापासून लावायची की कडेपासून, मुलाने केलेली कागदाची घडी. पाठ्यपुस्तकातलं चित्रही मोठं करून बोटाने दाखवता येतं.

पडदा किती मोठा, किती उंच

शेवटच्या बाकापर्यंत अक्षर पोहोचतं का, एवढंच पाहायचं. ढोबळ नियम असा: वाचायचा मजकूर असेल तर शेवटचं मूल पडद्याच्या उंचीच्या सहापटीपेक्षा लांब नसावं. ६५ इंची पॅनेलची उंची सुमारे ८१ सेंटिमीटर, म्हणजे पावणेपाच-पाच मीटरपर्यंत. ७५ इंचीची ९३ सेंटिमीटर, म्हणजे साडेपाच मीटर. आपला वर्ग वीस बाय पंचवीस फुटांचा असेल आणि पडदा लांबीच्या टोकाला असेल तर शेवटचा बाक सहा-सात मीटरवर जातो. तेव्हा ७५ इंचीही थोडं अपुरं पडतं, आणि ते अपुरेपण मजकूर कमी करून भरून काढावं लागतं. देवनागरीत वर रफार-वेलांटी आणि खाली उकार यांना जागा द्यावी लागते, त्यामुळे ओळीच्या उंचीतला निम्म्याहून कमी भाग अक्षराच्या अंगाला मिळतो. ७५ इंची पडद्यावर दहा ओळी ठेवल्या तर अक्षर साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास राहतं आणि सात मीटरवरून वाचता येतं. बारावी-तेरावी ओळ घातली की मागची मुलं शेजाऱ्याच्या वहीतून उतरवायला लागतात. पहिली-दुसरीला पाच-सहा ओळी भरपूर झाल्या.

उंची ठरवताना ओढाताण होते. पहिलीचं मूल साधारण ११५ सेंटिमीटर उंच असतं, हात वर करून ते १३५-१४० पर्यंत पोहोचतं. पॅनेलची खालची कड जमिनीपासून ९० सेंटिमीटरवर ठेवली तर पडद्याचा खालचा अर्धा भाग त्याच्या हाताला लागतो आणि मागच्यांनाही दिसतो. त्याहून खाली आणलं तर पुढच्या मुलांची डोकी आड येतात.

७५ इंची पॅनेलचं वजन पन्नास किलोच्या आसपास भरतं. जुन्या इमारतीत गिलावा चुन्याचा असतो आणि आतली वीट भुसभुशीत झालेली असते. नुसत्या प्लास्टिकच्या गिट्टीत स्क्रू पिळून हे वजन टांगू नये. गवंड्याकडून भिंत ठोकून पाहून घ्यावी आणि शंका असेल तर जमिनीवर उभा राहणारा लोखंडी स्टँड घेऊन तो भिंतीला वरून बांधावा. चाकांचा स्टँड या वयाच्या मुलांत नको. मधल्या सुट्टीत मुलं त्याला लोंबकळतात.

पडदा खिडकीसमोर किंवा खिडकीला पाठ करून लावू नये. खिडक्या बाजूला याव्यात. सकाळच्या सत्राच्या शाळेत पूर्वेच्या खिडकीतून आठ-नऊच्या सुमाराला ऊन आडवं येतं. त्या वेळेला वर्गात जाऊन, शेवटच्या बाकावर बसून जागा ठरवावी. दुपारी चार वाजता भिंत निवडली की सकाळी फसगत होते.

बिघाड कुठून येतो

स्पर्शाच्या पॅनेलची तक्रार आली की दहातले बरेचसे दोष पॅनेलमध्ये नसतात. बोट इथे लावलं आणि रेघ तिथे उमटली, कुणी हात न लावता पडद्यावर टिंबं उमटू लागली, कडेला हात लागला की झिणझिण्या आल्या, तर आधी अर्थिंग पाहावं. वायरमनकडून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला दाब मोजून घ्यावा. तो ३ व्होल्टच्या आत असायला हवा. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला की हा आकडा चढतो, म्हणून एप्रिलमध्ये खड्ड्यात पाणी घालणं हे शिपाईदादांच्या कामांच्या यादीत लिहूनच ठेवावं. झिणझिण्या येत असतील तर दुरुस्ती होईपर्यंत पॅनेल बंद. वर्गांच्या वीजजोडणीवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) असावाच. मुलांची बोटं धातूच्या कडेला लागणार आहेत, इथे काटकसर नको.

दुसरं कारण खडू. बहुतेक पॅनेलच्या चौकटीत अदृश्य प्रकाशाचे किरण आडवे-उभे धावतात आणि बोटाने ते अडवले की स्पर्श कळतो. खडूची भुकटी खालच्या कडेवर साचली, की तीही किरण अडवते. फळा आणि पॅनेल एकाच भिंतीवर असतील तर मध्ये मीटरभर अंतर ठेवावं, आठवड्यातून एकदा किंचित ओलसर मऊ कापडाने चौकटीची आतली कड पुसावी. पडद्यावर फवारा मारू नये, पाणी कडेने आत जातं. कडेला चिकटलेला एक स्टिकरही असाच घोटाळा करतो.

वीज जाते तेव्हा काय? पॅनेल साधारण २०० वॉट घेतं. १५० अँपिअर-अवरची १२ व्होल्टची बॅटरी कागदावर १८०० वॉट-तास देते, प्रत्यक्षात हजार-अकराशे मिळतात. म्हणजे पॅनेल आणि राउटर मिळून साडेचार-पाच तास, बॅटरी नवी असताना. इन्व्हर्टर साइन वेव्हचाच घ्यावा. स्वस्तातल्या स्क्वेअर वेव्हवर पॅनेल गुणगुणतं आणि त्याचा वीजपुरवठा लवकर जातो.

खरेदीच्या वेळी विक्रेता पॅनेलबरोबर तयार धड्यांचा साठा देऊ करतो. तीन वर्षांचा करार संपला की तो साठा उघडेल का, हे लेखी विचारावं. अनेकदा तो कुलूपबंद होतो आणि शाळेकडे महागडा काळा आरसा उरतो. बाहेरचा लॅपटॉप जोडायला एचडीएमआयची खाच आणि मागे संगणकाचा खण आहे ना, तेवढं पाहावं, कारण पॅनेलमधली अँड्रॉइड प्रणाली काचेच्या कितीतरी आधी जुनी होते. धड्यांसाठी पैसे मोजायची फारशी गरज नाही. बालभारतीची पुस्तकं पीडीएफ रूपात मोफत मिळतात, त्यांतल्या क्यूआर कोडवरून दीक्षा ॲपमधलं साहित्य उघडतं आणि ते आधी उतरवून ठेवता येतं. स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टींची चित्रपुस्तकं मुक्त परवान्यावर आहेत.

मराठीचा खास त्रास

शिक्षकांच्या पेनड्राइव्हमध्ये दहा-पंधरा वर्षांचे स्वाध्याय असतात, तेही जुन्या, युनिकोड (सगळ्या संगणकांवर चालणारी अक्षरांची एकच पद्धत) नसलेल्या टंकांत, म्हणजे फॉन्टमध्ये. त्यांचा टंक पॅनेलवर नसतो आणि ‘आई’च्या जागी रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. फाइल बिघडलेली नसते. ज्या जुन्या संगणकावर ती नीट दिसते त्यावरूनच पीडीएफ करून आणावी. नवं सगळं युनिकोडमध्ये.

याहून बारीक, पण पहिलीच्या बाईंना रोज जाणवणारी गोष्ट ‘ल’ आणि ‘श’ची. शासनमान्य मराठी वर्णमालेत पाकळीचा ल आणि देठाचा श आहे, बालभारतीतही तोच. संगणकाचे अनेक टंक मात्र हिंदी वळणाचे ल आणि श दाखवतात. आपल्याला फरक पडत नाही, पण जे मूल अक्षराचं चित्र मनात पक्कं करत असतं त्याला पुस्तकात एक ‘ल’ आणि पडद्यावर दुसराच दिसतो. टंक निवडताना ‘लसूण, शेवगा’ एवढं टाइप करावं आणि पुस्तकाशेजारी धरून पाहावं. पटलेला एकच टंक सगळ्या शिक्षकांनी वापरावा.

बोलून टाइप करण्याची सोय किंवा वाचन ऐकून चुका दाखवणारी ॲप उपयोगी आहेत, पण घरात सामवेदी, म्हणजे कादोडी, बोलणाऱ्या मुलाचे उच्चार त्यांना कळत नाहीत. लहान मुलाचा कोवळा आवाजही त्यांना अवघड जातो. बरोबर वाचलेल्या शब्दावर ॲपने तीनदा लाल खूण केली की मूल गप्प होतं. अशा ॲपचे गुण प्रगतिपुस्तकात कधीही घेऊ नयेत. उलट कादोडीचा वर्गात चांगला उपयोग होतो: मुलांनी आजीकडून विहिरीवरच्या, वाडीतल्या, स्वयंपाकघरातल्या वस्तूंची नावं पालकांच्या मोबाइलवर बोलून आणायची, वर्गात ऐकायची, आणि शेजारी प्रमाण मराठी शब्द लिहायचा. दर मुलाचा आवाज अर्ध्या मिनिटाचा ठेवला की चाळीस मुलांना वीस मिनिटं लागतात.

एक धडा जवळून: बावखल शोधा

तिसरीला परिसर अभ्यासात आपला जिल्हा असतो, आपला म्हणजे १ ऑगस्ट २०१४ला झालेला पालघर. वसईच्या पश्चिमेकडच्या गावांत बावखलं आहेत, पावसाचं पाणी धरून ठेवणारी आणि विहिरींना पाझर देणारी तळी. बरीचशी बुजली. पॅनेलवर हा धडा उत्तम बसतो.

बाईंनी आदल्या दिवशी गूगल अर्थमध्ये शाळेचं छप्पर शोधून ठेवावं. वर्गात सुरुवात तिथूनच करायची, कारण वरून पाहिलेली शाळा ओळखायला मुलांना दोन-तीन मिनिटं लागतात आणि ती दिली नाहीत तर पुढचं सगळं नुसतं हिरवं-तपकिरी चित्र राहतं. मग शाळेपासून चर्च, चर्चपासून मुख्य रस्ता, तिथून एकेका मुलाची वाडी. मुलं बाकावर बसूनच ‘उजवीकडे, वर’ सांगतात, एक जण येऊन बोटाने सरकवतो. बावखल दिसलं की प्रत्येकाने पाटीवर त्याचा आकार काढायचा. त्यानंतर जुनी चित्रं दाखवायची सोय उघडून वीसेक वर्षांमागची तीच जागा दाखवायची आणि विचारायचं: काय वाढलं, काय गेलं?

इथे एक चूक सहज होते. एक चित्र ऑक्टोबरचं आणि दुसरं मे महिन्याचं असेल, तर मेमध्ये आटलेलं बावखल बुजलेलंच वाटतं. चित्रावर तारीख असते. दोन्ही चित्रं त्याच ऋतूतली निवडावीत, किंवा हाच फरक मुद्दाम दाखवून मुलांना ओळखायला लावावा. नेट गेलं तर? म्हणून पडद्यावरची सहा-सात दृश्यं आदल्या दिवशीच चित्र म्हणून साठवून ठेवायची. दुसऱ्या दिवसाचा गृहपाठ कागदावर: आजोबांना विचारा, हे बावखल कुणाचं, त्याच्या पाण्यावर काय पिकायचं.

पस्तीस मिनिटांच्या तासात पडदा बारा-पंधरा मिनिटं पेटला होता. या वयाला तेवढा पुरे. व्हिडिओ लावायचा तर तीन-चार मिनिटांचा, आणि कुठे थांबवून काय विचारायचं त्याच्या दोन-तीन जागा आधीच ठरवलेल्या. आपोआप पुढचा व्हिडिओ लागण्याची सोय बंद करून ठेवावी.

चाळीस मुलांची उत्तरं एका मोबाइलमध्ये

पॅनेलचा मोठा दोष असा की एक मूल पुढे येऊन बोट लावतं आणि बाकीची एकोणचाळीस वाट पाहतात. पहिली-दुसरीत यावर पाटीच सगळ्यात चांगली: प्रश्न पडद्यावर, उत्तर प्रत्येकाच्या पाटीवर, ‘दाखवा’ म्हटलं की सगळ्या पाट्या वर. पेन्सिलीचं वळणही त्यातच बसतं, बोटाने काचेवर गिरवून बसत नाही.

तिसरी-चौथीसाठी प्लिकर्स ही पद्धत टॅबविना चालते. कागदावर छापलेली ४० वेगळ्या आकृत्यांची कार्डं, एकेका हजेरी क्रमांकाला एक. कार्डाच्या चार बाजूंना बारीक अक्षरात ए, बी, सी, डी. मुलाला जे उत्तर वाटतं ती बाजू वर करून कार्ड धरायचं. बाई मोबाइलचा कॅमेरा वर्गावरून सावकाश फिरवतात आणि कुणी काय उत्तर दिलं ते त्याच मोबाइलवर येतं. शेजाऱ्याला आकृतीवरून उत्तर कळत नाही, त्यामुळे बघून लिहिणं थांबतं, आणि चुकलेल्या मुलाचं नाव कुणाला दिसत नाही. लाजऱ्या मुलांसाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

कार्डं जाड पांढऱ्या कागदावर छापावीत. चकचकीत लॅमिनेशन करू नये, ट्यूबलाइट चमकून कॅमेऱ्याला आकृती दिसत नाही. बोटं आकृतीवर येऊ नयेत म्हणून कडेला धरायला शिकवावं, त्यात पहिला तास जातो. मागच्या बाकांची कार्डं वाचली जात नसतील तर आकृती मोठी छापावी. प्रश्न चारच ठेवावेत, आणि पर्याय नेहमीच्या चुकांवरून काढावेत. वरच्या वजाबाकीत २४५च्या शेजारी ३५५ हा पर्याय हवाच. तो निवडणारे किती, हे कळण्यासाठीच तर ही खटपट.

टॅबबद्दल थोडक्यात. प्रत्येक मुलाला एक टॅब या वयात नको. शाळेत मिळून वीस, दोन मुलांत एक, आठवड्यातून एखादा तास, एवढ्यात स्क्रॅच ज्युनियरसारखी चित्रांच्या ठोकळ्यांतून प्रोग्रॅम रचणारी ॲप शिकवता येतात. त्यात वाचता येण्याचीही अट नाही. टॅबवर एकच ॲप उघडं राहील अशी ‘पिन’ करण्याची सोय सेटिंगमध्ये असते, ती लावून द्यावी. मुलांची नावं ॲपमध्ये भरू नयेत, ‘३ब-१७’ असं लिहावं.

नेट, चर्च आणि शाळा

चांगल्या दर्जाच्या व्हिडिओला साधारण ५ एमबीपीएस लागतात. सहा वर्ग एकाच वेळी चालले तर ३०. एवढं नेट आता सहज मिळतं, अडतं ते जाड भिंतींत. राउटर मुख्याध्यापिकांच्या खोलीत आणि वर्ग मजल्याच्या दुसऱ्या टोकाला, असं असतं. केबल १०० मीटरपर्यंत चालते, ती ओढून दोन वर्गांमागे एक वायफाय बिंदू द्यावा.

बऱ्याच ठिकाणी शाळा आणि धर्मग्रामाचं कार्यालय एकाच आवारात असतं आणि नेटही एकच. ते वेगळं करावं. कार्यालयात बाप्तिस्मा-लग्नाच्या नोंदी, देणग्यांचे हिशेब असतात. शाळेच्या वायफायचा पासवर्ड पालकांपर्यंत पोहोचायला आठवडा लागत नाही. शाळेच्या राउटरमध्ये डीएनएसच्या (संकेतस्थळांचे पत्ते शोधून देणाऱ्या सेवेच्या) जागी १.१.१.३ हा पत्ता (आकडे अर्थात इंग्रजी) घातला की अश्लील आणि घातक संकेतस्थळं बरीचशी अडतात, खर्च शून्य. पण कुणी स्वतःच्या मोबाइलचं हॉटस्पॉट पॅनेलला दिलं की ही चाळण निरुपयोगी. म्हणून हॉटस्पॉट बंद, हा नियम शिक्षकांनाही.

प्रार्थना, धर्मशिक्षण आणि पडदा

सकाळच्या प्रार्थनेला पडदा बंद असावा. गीताचे शब्द पडद्यावर आले की मुलं ते पाठ करायचं सोडतात, डोळे मिटून उभं राहणं संपतं. ज्या शाळेचा दिवस प्रार्थनेने सुरू होतो तिथे ती पाच मिनिटं जपायलाच हवीत.

धर्मशिक्षणाच्या तासाला मात्र नकाशा फार कामाचा. नाझरेथ ते बेथलेहेम सरळ रेषेत ११० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे जवळजवळ वसई ते नाशिक. पॅनेलवर दोन्ही अंतरं एकाच मापाने शेजारी दाखवली की मरिया आणि योसेफ यांचा प्रवास मुलांना पायात जाणवतो. संगणकावर युखरिस्ताच्या (मिस्सेतल्या पवित्र भाकरीच्या) चमत्कारांचं संकेतस्थळ करणारा आणि पंधराव्या वर्षी गेलेला कार्लो अकुतिस ७ सप्टेंबर २०२५ला संत म्हणून घोषित झाला. चौथीच्या मुलांना तो आपल्यातला वाटतो.

पण धर्मशिक्षणाचं साहित्य पॅनेलच्या सगळ्यांच्या फोल्डरमध्ये मिसळू नये. घटनेच्या अनुच्छेद २८(३)नुसार सरकारी मान्यता असलेल्या किंवा अनुदान घेणाऱ्या शाळेत कुणालाही त्याच्या, लहान असेल तर पालकांच्या, संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला बसवता येत नाही. फोल्डर वेगळा, तास वेगळा, आणि त्या वेळी मूल्यशिक्षणाला बसणाऱ्या मुलांच्या वर्गातही तितकंच चांगलं साधन. नाही तर कॅथलिक मुलांना पडदा आणि बाकीच्यांना फळा, असं चित्र नकळत उभं राहतं.

फोटो, संमती आणि एआय

स्नेहसंमेलनाचे फोटो पालकांच्या ग्रुपवर टाकण्याआधी थांबावं. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक जण ‘मूल’ आहे आणि त्याची माहिती वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी. प्रवेशाच्या वेळीच एक पानाचा मराठी अर्ज घ्यावा: वर्गात दाखवण्यासाठी, शाळेच्या भिंतीवर लावण्यासाठी, समाजमाध्यमांवर टाकण्यासाठी, असे तीन वेगळे होकार-नकार. शिक्षकाने, धर्मगुरूने किंवा सिस्टरांनी मुलाला एकट्याला निरोप पाठवू नये. निरोप पालकांना, आणि शाळेच्या क्रमांकावरून.

एआयचं चॅट मुलांच्या हाती देऊ नये. चॅटजीपीटीच्या अटींतच किमान वय १३ आहे. शिक्षकांना त्याचा उपयोग होतो, शाब्दिक उदाहरणांचे आकडे बदलून दहा नवी उदाहरणं करून घेण्यासाठी. मात्र जोडाक्षरं, लिंग आणि भागाकारातल्या बाक्या तपासल्याशिवाय छापू नयेत, तिथे ते हमखास घसरतं. व्हॅटिकनने २८ जानेवारी २०२५ला एआयवर ‘अँटिक्वा एत नोव्हा’ हा दस्तऐवज प्रसिद्ध केला. शिक्षकाच्या प्रत्यक्ष असण्यातून जे नातं उभं राहतं ते यंत्र देऊ शकत नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. कॅथलिक शाळेला खरेदीची यादी करताना तेवढं एक वाक्य पुरेसं आहे.

मे महिना

शाळा सुटताना टॅब पूर्ण भरून ठेवू नयेत आणि रिकामेही नकोत. ५० ते ६० टक्के बॅटरी, बंद करून, सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात. पूर्ण भरलेली बॅटरी दोन महिने उकाड्यात राहिली की फुगू शकते. पॅनेलला कापडाची खोळ घालावी, प्लास्टिकची नको, आत दमट हवा कोंडते. आठवड्यातून एकदा वीस मिनिटं ते चालू करावं, म्हणजे आतली ओल सुकते. खाऱ्या हवेत वायरींची टोकं हिरवी पडतात, तेव्हा त्या काढून, पुसून, पाकिटावर वर्गाचं नाव घालून ठेवाव्यात. इन्व्हर्टरच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटरची पातळी पाहावी. जून उजाडला की मुलं येण्याच्या तीन दिवस आधी सगळं लावून, शेवटच्या बाकावर बसून, एकदा वाचून पाहावं.